सहा माणसं, दहा हजार रुपये आणि भंडारदरा: जमेल का?

आंबेहळद | ४ मे, रात्री १०:५२
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतीच वाचत होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.
आम्ही डोंबिवलीकर. मी, नवरा, दोन पोरं (११ आणि ७), १५ वर्षांचा भाचा आणि सासूबाई (७६, गुडघे कुरकुरतात पण हट्ट खणखणीत). गाडी नाही. दरवर्षी मे महिना "बघू, बघू" करत जातो आणि जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालताना हळहळतो. यंदा दोन रात्री भंडारदऱ्याला जायचं ठरवलंय. सगळं धरून दहा हजार. त्याच्या वर गेलं तर नवरा म्हणतो, त्यापेक्षा कूलर घेऊ.
भंडारदराच का, तर सासूबाई. त्यांचं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं. लहानपणापासून "भंडारदऱ्याचं पाणी सुटलं" हे वाक्य ऐकत मोठ्या झाल्या. रात्री पाण्याची पाळी आली की वडिलांबरोबर कंदील घेऊन दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवायला, जायच्या. पण ज्या धरणाचं पाणी ते धरण काही अजून बघितलेलं नाही. परवा टीव्हीवर काजव्यांची बातमी लागली आणि म्हणाल्या, "हे आपलंच भंडारदरा ना गं?"
तर कधी जावं, कुठे राहावं, एसटीने जमतं का? आणि कळसूबाईचं भूत भाच्याच्या डोक्यात बसलंय, त्याचं काय करू?

पाठपिशवी | ४ मे, रात्री ११:२०
जमेल. आरामात नाही, पण जमेल.
प्रवास: कसाऱ्यापर्यंत लोकल. बाहेर जीपवाले ओरडत असतात, घोटीपर्यंत जातात. घोटीहून शेंडीची एसटी. भंडारदरा म्हणून आपण जिथे उतरतो ते गाव म्हणजे शेंडी. बसवर शेंडी, राजूर किंवा अकोले, काहीही लिहिलेलं असेल, कंडक्टरला विचारून चढा. वाटेत बारी लागतं, ते कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. घोटी ते शेंडी तासाभराचं अंतर, पण गाड्या मोजक्याच. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल, निवांत निघालात तर घोटीच्या स्टँडवर वडापाव खात बसाल.
कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. मे-जूनच्या उन्हात सकाळी दहानंतर त्या डोंगरावर असणं म्हणजे शिक्षा. सावली नाही. पहाटे चारला चढायला लागायचं, सूर्य वर येईपर्यंत देवीच्या देवळापाशी. लोखंडी शिड्या आहेत, भाच्याला काही अवघड नाही. सात वर्षांच्याला नेऊ नका, आणि भाच्याला एकट्यालाही सोडू नका.

कुरकुरे_काका | ५ मे, सकाळी ७:०५
एवढं उन्हातान्हात एसटीने फिरण्यापेक्षा घरी बसून आमरस खावा. ७६ वर्षांच्या बाईंना जीपमध्ये कोंबून नेणार? टॅक्सी करा सरळ. आणि मे महिन्यात तिथे तळ्यात पाणी नसतं. मी गेल्या वर्षी गेलो होतो, नुसता लाल चिखल आणि मध्ये डबकं. फोटोत बघितलेलं आणि समोर दिसलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक.

आंबेहळद | ५ मे, सकाळी ९:३०
काका, टॅक्सीचा भाव काढला. जाऊन-येऊन आणि दोन दिवस थांबून जे सांगितलं त्यात आमची अख्खी सहल संपते. आमरस घरी होणारच आहे, त्याचा वेगळा धागा काढीन.
जीपचं मात्र पटलं. सासूबाईंना मागच्या आडव्या सीटवर बसवणार नाही.

कंडक्टरची_लेक | ५ मे, सकाळी १०:१५
जीप सोडा, जास्तीत जास्त टप्पा एसटीने करा. सवलती एसटीत आहेत, जीपमध्ये नाहीत. ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटी पूर्ण मोफत आहे. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. ५ ते १२ वयाच्या मुलांना अर्धं. म्हणजे तुमच्या सहा जणांत पूर्ण तिकीट फक्त दोघांना, नवरा आणि भाचा. सासूबाईंचं आधार कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्स चालेल असं धरून चालू नका. आणि मोफत असलं तरी त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, ते मागून घ्या.
इगतपुरीपर्यंत मेल-एक्सप्रेसने आणि तिथून एसटी असंही करता येतं. रेल्वेत मात्र ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंदच आहे.

आंबेहळद | ५ मे, सकाळी १०:४०
सहात दोन पूर्ण तिकिटं! नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मीच तेवढा महाग."

गोगलगाय | ५ मे, दुपारी १:१०
काजव्यांबद्दल लिहिते. आयडीवर जाऊ नका, काजव्याची अळी गोगलगायी खाऊनच वाढते, तरी मी त्यांचीच बाजू घेते.
मेचा शेवटचा आठवडा ते साधारण जूनचा मध्य, जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत. वळवाची एखादी सर पडून गेली की चमकायला जोर येतो. मुसळधार सुरू झाला की खेळ संपला. शक्यतो अमावास्येच्या आसपास जा, पौर्णिमेला चांदण्यात अर्धी मजा जाते. सगळीच झाडं उजळत नाहीत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर असं एखादं झाड अख्खं लुकलुकतं आणि शेजारचं आंब्याचं झाड काळंठिक्कर. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मुतखेल, कोलटेंभे या पट्ट्यात बघायला मिळतात.
आता कळकळीचं. हे सगळं कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. नाक्यावर शुल्क घेतात, वेळेची बंधनं असतात, ती पाळा. ते चमकणं म्हणजे नर-माद्यांचं एकमेकांना बोलावणं असतं. तुमच्या गाडीचा हेडलाइट त्यात पडला की संवाद तुटला. माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपांवर असतात. फोटोसाठी रस्ता सोडून आत गेलात की पायाखाली काय गेलं ते तुम्हाला कळतही नाही. टॉर्च लागलाच तर लाल जिलेटिन कागद गुंडाळून, खाली जमिनीकडे धरून. मोबाइलमध्ये काजवे येत नाहीत. प्रयत्नसुद्धा करू नका. पोरांना झाडापासून दहा पावलांवर बसवा आणि पाच मिनिटं गप्प राहायला सांगा. डोळे अंधाराला सरावले की आपोआप दिसायला लागतं.
शनिवार-रविवार टाळा, हे तर सांगायलाच नको. गेल्या खेपेला रात्री साडेदहाला गाड्यांची रांग, हॉर्न, आणि एका गाडीत मोठ्याने गाणी. झाडं दिसत होती ती ब्रेकलाइटच्या उजेडात.

रात्रपाळी | ५ मे, दुपारी ३:००
शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. मग १ ते १० जूनमधला मधला वार बघा. राहण्याचे दरही मधल्या वारी उतरतात. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कुरकुरे_काका | ५ मे, दुपारी ४:२०
दर उतरतात म्हणे. ऑनलाइन तंबू बुक केला होता मी. फोटोत तळ्याकाठी पांढरेशुभ्र तंबू, ओळीने दिवे. प्रत्यक्षात तळं पाऊण किलोमीटर लांब आणि तंबूत दुपारी भट्टी. "सगळं समाविष्ट" म्हणून सांगितलेलं जेवण म्हणजे एक बटाट्याचा रस्सा आणि थंड पोळ्या. नाव घेत नाही, पण सहाशे रुपये आगाऊ गेले ते गेलेच.

राजूरकर_पोर | ५ मे, रात्री ९:४५
मी तिकडचाच. अकोले तालुका, सध्या नोकरीला नाशिकला. काकांचं ऐकून राहवलं नाही म्हणून टंकतोय.
काका, मे-जूनमध्ये दुपारी तंबूत कोणीच राहू नये, माणसाने नाही आणि कोंबडीनेही नाही. कौलारू घरात राहा. बहुतेक वाड्यांत आता लोक घरची एखादी खोली देतात, घरचंच जेवण. दुपारी तळ्यावरून वारा येतो आणि ओसरीत झोप लागते. मधल्या कुठल्याही संकेतस्थळावरून न जाता फोनवर थेट घरच्या माणसाशी बोला. तीन गोष्टी विचारा: खोली पक्की आहे की तंबू, संडास घरात आहे की बाहेर (आजींसाठी महत्त्वाचं), आणि जेवणात काय.
जेवणात नागलीची भाकरी मागा. तुम्ही तिला नाचणी म्हणता. पिठलं, ठेचा, आख्ख्या मसुराची आमटी. तांदूळ इथलाच असेल तर भाताला वेगळाच वास येतो, काळभात मिळाला तर तो सोडू नका. ज्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली त्या आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. गावरान बियाणं घराघरांतून गोळा करून जपलं त्यांनी. मे-जूनमध्ये करवंदं, जांभळं, रायवळ आंबे रस्त्याकडेला पोरं विकत बसलेली असतात. पळसाच्या पानाच्या द्रोणात देतात. भाव करू नका राव.
आता पाण्याचं. "तळ्यात पाणी नसतं" असं काका म्हणतात. बरोबर आहे, नसतं. ११ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात रिकामं होतं, त्यासाठीच बांधलंय ते. इंग्रजांनी १९१० ला काम काढलं, १९२६ ला पुरं झालं, गव्हर्नर विल्सनचं नाव भिंतीला. पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून डावा-उजवा कालवा, संगमनेरच्या खाली राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पाण्यावरच्या उसावर. आणि धरणाच्या काठावरच्या वाडीतली बाई मे महिन्यात दोन हंडे घेऊन विहिरीची पायपीट करते. तेव्हा पाव्हण्यांना एवढंच सांगणं, बादलीभर पाण्यात अंघोळ करा. आमच्याकडे ते पाणी डोक्यावरून आलेलं असतं.

पाठपिशवी | ५ मे, रात्री १०:०५
+१. विशेषतः बादलीचं.
एक इशारा राहिला. पाणी उतरलं की काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. पोरांना पाण्यात उतरू देऊ नका, भाच्याला तर मुळीच नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला पोहता येतं हीच खरी भीती. आणि सांधण दरीचं कोणी गळ्यात मारलं तर नाही म्हणा. दोन कड्यांमधली अरुंद घळ आहे, मोठाल्या दगडांवरून उड्या मारत जायचं असतं. वर कुठे पाऊस झाला तर आत पाणी घुसतं. जूनमध्ये तिकडे फिरकूच नये. साम्रद गावापर्यंत जाऊन तोंडावरून बघितलीत तरी पुरे.

आंबेहळद | ६ मे, सकाळी ८:५०
राजूरकर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. दोनदा. "ओझरचा बंधारा" म्हटल्यावर म्हणाल्या, "हां, तिथूनच पाट येतो आमच्याकडे." मग अर्धा तास पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या गोष्टी झाल्या. त्याला चहा पाजल्याशिवाय पाळी वेळेवर मिळायची नाही म्हणे.
सोमवार ते बुधवार, जूनचा पहिला आठवडा नक्की केलाय. एका वाडीत थेट बोलले. मोठ्यांना माणशी ७०० रुपये रोज, राहणं, नाश्ता, दोन जेवणं. पोरांचं निम्मं. अजून कमी करून घ्यावं का? शेजारच्या वहिनी म्हणतात, पाचशेपर्यंत येतात.

राजूरकर_पोर | ६ मे, दुपारी १२:३०
येतील पाचशेपर्यंत. मग भाकरी मोजून मिळेल.
ताई, त्यांची कमाई म्हणजे काजव्याचे तीन आठवडे आणि पावसाळ्यातले शनिवार-रविवार. बाकी वर्ष शेतावर नाहीतर बाहेरगावी मजुरीवर. चूल लाकडावर, पाण्याचं वर सांगितलंच. सातशे योग्य आहेत. कमी करायचं तर जीपचं भाडं दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घ्या, तिथे खरी बचत होते.

कुरकुरे_काका | ६ मे, दुपारी १:१५
भाव करणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

कंडक्टरची_लेक | ६ मे, दुपारी १:२२
काका, हॉटेलात पाण्याची बाटली घेताना वापरा हो तो हक्क.

गोगलगाय | ६ मे, दुपारी २:००
अवांतर होतंय, पण रतनवाडी चुकवू नका. अमृतेश्वराचं देऊळ, शिलाहारकालीन, भिंतींवर बोटभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. शेजारची पुष्करणीही बघा, कोनाड्यांतल्या मूर्ती उन्हाळ्यात नीट दिसतात. पावसाळ्यात देवळाच्या गाभाऱ्यातच पाणी भरतं. प्रवरा उगम पावते ती मागच्या रतनगडावर. सासूबाईंच्या पाटाची सुरुवात म्हणायची ती. देऊळ गाडीरस्त्याला लागूनच आहे, गुडघ्यांना त्रास नाही.

आंबेहळद | ११ जून, रात्री ९:१५
आलो! वृत्तांत लिहायचा राहून जात होता, दप्तरं-गणवेशांच्या गडबडीत.
आधी हिशेब, कारण धागा त्यासाठीच काढला होता. राहणं-जेवण ७०००. दुसऱ्या दिवशी दिवसभराची जीप १८०० (वाटून घ्यायला दुसरं कुटुंब मिळालं नाही). लोकल, एसटी आणि जाताना कसारा ते घोटी जीप मिळून १३१०. वनखात्याचं शुल्क, चहा, करवंदं ६१५. राजूरचे पेढे ४८०. एकूण ११,२०५. म्हणजे बाराशे पाच वर गेले. नवरा म्हणतो, पेढे बजेटमध्ये धरू नयेत. कूलर पुढच्या वर्षी.
कसाऱ्याला एसटीची वाट बघायचा धीर कोणालाच राहिला नाही, तेव्हा जीपच केली. सासूबाई पुढे, ड्रायव्हरशेजारी. कसारा घाटभर त्याला त्याच्या आईचं गाव विचारत होत्या.
कळसूबाई भाचा आणि नवरा मंगळवारी पहाटे. साडेतीनला जीपवाला न्यायला आला. नवरा दहाला परतला तो थेट ओसरीत आडवा, बूट पायातच. भाचा म्हणतो शिड्यांवर मामाच थांबत होता. मामा म्हणतो, सूर्योदय बघत होतो. पाठपिशवी, तुमचं चारचं गणित बरोबर होतं. उतरताना वर चढणारी माणसं भेटली, साडेआठला, डोक्यावर ओले रुमाल टाकून बसलेली.
काजवे सोमवारी रात्री. जीप लांब थांबवली, दिवे बंद. पहिली दोन मिनिटं काहीच दिसलं नाही, धाकटा "चला ना, भूक लागली" करत होता. मग एक झाड असं हळूहळू पेटत गेलं, खालून वर. सगळं झाड एकदम लुकलुके, मग काळोख, मग परत. धाकट्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. फोटो एकही नाही. कुणी काढलाच नाही.
आणि धरण. काका, तळं खरंच उतरलेलं होतं. आता त्याचं दुःख वाटत नाही. काठाला लाल मातीचे पट्टे, पायऱ्यांसारखे, एकेका आठवड्याचं पाणी कुठवर होतं ते दिसावं तसे. मोठीने विचारलं, "आजी, यात पाणीच नाहीये." सासूबाई म्हणाल्या, "आहे की. ते खाली गेलंय, आमच्याकडं." मग भिंतीच्या खालच्या अंगाला गेलो. नदीपात्रात पाणी चाललं होतं, फार नाही, पण वाहतं. त्यांनी जीपवाल्याला विचारलं, हे श्रीरामपूरला किती दिवसांत पोचतं? तो म्हणाला, मध्ये निळवंडे धरण आहे आता, तिथे अडतं, मग सुटतं. ते त्यांना आवडलं नाही. "आमच्या वेळी सरळ यायचं," म्हणाल्या. पदर खोचून काठावर बसल्या आणि पुढची वीस मिनिटं कोणाशी बोलल्या नाहीत. आम्ही करवंदं खात उभे.
बादलीभर पाण्यात अंघोळी केल्या. धाकट्याने तर दोन दिवस केलीच नाही, त्याचं श्रेय मी राजूरकरांना देतेय.

राजूरकर_पोर | ११ जून, रात्री १०:०२
आजींना नमस्कार सांगा. पुढच्या खेपेला देवगावलाही न्या त्यांना, इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे तिथले. इंग्रजांनी २ मे १८४८ ला ठाण्याला फाशी दिली त्यांना.
भाकरी मोजून मिळाली का?

आंबेहळद | ११ जून, रात्री १०:२०
नाही हो. चौथी वाढायला आल्या तेव्हा मीच हात आडवा धरला. निघताना घरच्या बाईंनी सासूबाईंना शेरभर वरई बांधून दिली. पैसे घेईनात. मग सासूबाईंनी पिशवीतलं लोणच्याची भरलेली बरणी त्यांच्या हातात ठेवली आणि विषय मिटला.

कुरकुरे_काका | १२ जून, सकाळी ६:५०
वाडीचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ऑक्टोबरात जाईन म्हणतो. पाणी असतं ना तेव्हा?

गोगलगाय | १२ जून, सकाळी ७:३०
काठोकाठ असतं काका. काजवे मात्र नसतील.

पाठपिशवी | १२ जून, सकाळी ९:१०
छान वृत्तांत. परतीची एसटी शेंडीहून किती वाजता मिळाली तेवढं लिहा, पुढच्यांना उपयोगी पडेल.

आंबेहळद | १२ जून, सकाळी ९:४५
दुपारी सव्वातीनची सांगितली होती, आली पावणेचारला. घोटीला पुढची लगेच मिळाली. वेळ निघायच्या आदल्या दिवशी स्थानिकांना विचारूनच ठरवा.
सासूबाईंनी शून्य रुपयांची तिन्ही तिकिटं बटव्यात घडी करून ठेवली आहेत. श्रीरामपूरला भावाला दाखवायची आहेत म्हणे.